तलावाच्या पाळीवर गाड्यांचा अड्डा: गावाने नेमकं काय करावं

समुद्र आमच्यापासून फार दूर. आमची चौपाटी म्हणजे तलावाची पाळ. भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव एका मामा तलावाच्या काठावर आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातला. किनाऱ्यावरच्या वस्त्यांत हौशी पोरं गाड्या घेऊन जमतात आणि रहिवाशांची झोप उडते, तेच आमच्याकडे पाळीवर होतं. कारणही तेच: मोकळी सपाट जागा, वारा, मागे पाणी, आणि फोटो झकास येतो. शनिवारी रात्री नऊनंतर दहा-पंधरा मोटारसायकली, चार-सहा चारचाकी, डिक्कीत बास ट्यूब. पाळीखाली जी घरं आहेत, तिथली माणसं धानाच्या दिवसांत पहाटे चारला उठतात.

मी गावच्या तंटामुक्त समितीत आहे. हा प्रश्न हाताळायला आम्हाला जवळपास दीड वर्ष लागलं, आणि त्यातलं पहिलं अर्ध वर्ष आमच्याच चुकांत गेलं. तुमच्या गावात हेच चाललं असेल तर ते अर्ध वर्ष वाचावं म्हणून जे कामी आलं ते क्रमाने लिहितो. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून मनाशी पक्की ठेवा: आपली तक्रार आवाजाबद्दल आणि अडलेल्या रस्त्याबद्दल आहे. पोरं आपलीच आहेत. त्यांना गाड्यांचा नाद आहे, आणि हा नाद वाईट नाही.

आधी तीन शनिवार नुसतं लिहून ठेवा

आम्ही हे शेवटी केलं. करायला हवं होतं सगळ्यात आधी. शंभरपानी वही घ्या आणि पाच रकाने पाडा: तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, दुचाकी-चारचाकी किती, त्रास नेमका कोणता, रस्ता मोकळा होता का. दोन वेगवेगळ्या घरांतल्या दोघांनी स्वतंत्रपणे लिहावं, एकमेकांना न विचारता. आमच्या वहीतली एक नोंद अशी आहे:

"शनिवार. ९.४० ते ११.५०. दुचाकी १४, चारचाकी ५. फटाका सायलेन्सर ३ गाड्यांना. १०.२५ ला दुधाची गाडी सहा मिनिटं अडली. गाणी अकरापर्यंत."

ही नोंद वाचली आणि आमचे डोळे उघडले. चौदा दुचाक्यांपैकी आवाज करणाऱ्या तीनच होत्या. आम्ही सहा महिने "पोट्टे लय माजले" म्हणत सगळ्यांनाच शिव्या देत होतो, आणि बाकीचे अकरा जण नुसते चहा पीत उभे असायचे. दुसरी गोष्ट, रस्ता दुचाक्यांमुळे अडत नव्हता. दोन चारचाक्या समोरासमोर दिवे लावून उभ्या केल्या जायच्या, तेव्हा तो अडायचा. म्हणजे प्रश्न तीन सायलेन्सरचा, एका गाणी वाजवणाऱ्या गाडीचा आणि उभं राहण्याच्या पद्धतीचा होता. एवढं नेमकं कळलं की निम्मा राग आपोआप उतरतो.

मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप मिळतं. त्याचा आकडा कायद्यात पुरावा म्हणून टिकत नाही, पण गाड्या असतानाचा आणि नसतानाचा फरक दाखवायला चांगला. आकडा वाचताना लक्षात ठेवा की १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते पहाटे ६. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शासनाने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला असेल तर तिथे रात्री ४०. पाळीजवळ जिल्हा परिषदेची शाळा किंवा आरोग्य उपकेंद्र असेल तर वहीत तेही लिहा.

हिवाळ्यात तलावापलीकडच्या टोलीवरचे (छोट्या वस्तीवरचे) लोकही तक्रार करू लागले, तेव्हा आम्हाला ते वाढवून सांगतात असं वाटलं होतं. ते खरं बोलत होते. थंडीच्या रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो, आणि सपाट पाण्यावर त्याला अडवायला झाड नाही की भिंत नाही. जून महिन्यात जो आवाज पाळीवरच विरतो, तो डिसेंबरात पलीकडच्या काठावर स्पष्ट ऐकू येतो. म्हणून नोंदी हिवाळ्यातल्या असतील तर उत्तम.

फटाका कसा फुटतो ते समजून घ्या

गाडीचं काही कळत नसलेला माणूस पोरांशी बोलायला गेला की पोरं त्याला दोन मिनिटांत गुंडाळतात. एवढं ठाऊक असू द्या. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये आत पडदे आणि कप्पे असतात, धूर त्यातून वळणं घेत बाहेर येतो. बाजारातल्या फटाका सायलेन्सरमध्ये ही आतली रचना जवळपास नसतेच, सरळ नळी. काहींमध्ये तोंडाशी काढता-घालता येणारा छोटा तुकडा असतो, त्याला पोरं डीबी किलर म्हणतात. तो काढला की आवाज फाटतो. आणि तो 'ठॉप' असा बार? चालत्या गाडीत हँडलवरचा किल स्विच क्षणभर बंद करून पुन्हा चालू करतात. मधल्या क्षणात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे भडका होतो. तो आवाज आपोआप होत नाही, बोटाने केला जातो. म्हणून "गाडीच तशी आहे काका" हे उत्तर मान्य करायचं नाही.

१७५ सीसीच्या वरची मोटारसायकल कंपनीतून बाहेर पडताना तिच्या धावत्या आवाजाला ८० डेसिबलची मर्यादा असते. म्हणजे मोठी गाडी असणं हा गुन्हा नाही, आणि मूळ सायलेन्सरवर ती फटाक्याएवढी झोप मोडत नाही.

जागा कुणाची, रस्ता कुणाचा

हे काम तलाठी कार्यालयात एका सकाळी होतं. सातबारा पाहा. आमच्यासारखे लहान मामा तलाव बहुतेक करून जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे आहेत, मोठे प्रकल्प जलसंपदा विभागाकडे. रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, यावर पुढचा अर्ज कुठे जातो ते ठरतं. पाळ मातीची आहे हेही अर्जात लिहा. चारचाक्या वळवून वळवून पाळीचा काठ खचतो, तुडुमाजवळ (तलावाचं पाणी सोडायच्या तोंडाजवळ) चाकोऱ्या पडतात, आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी झिरपायला लागतं. आवाजाच्या तक्रारीकडे एखादवेळी काणाडोळा होईल, पाळ फुटण्याच्या धोक्याकडे होत नाही. हा मुद्दा खराही आहे, नुसता वापरायचा म्हणून वापरू नका. जाऊन पाहा, फोटो काढा.

मग पोरांशी बोला, पण रात्री नाही

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. रात्री, पाळीवर, घोळक्यात बोलायला गेलात तर प्रत्येक पोराला दुसऱ्यासमोर मान खाली घालायची नसते, आणि बोलणं भांडणावर जातं. आम्ही रविवारी सकाळी अकरा वाजता पानठेल्यावर गेलो. तिघेच जण: मी, पोलीस पाटील आणि गावातला मोटारसायकल दुरुस्त करणारा मिस्त्री. मिस्त्री हवाच. पोरं सरपंचाचं ऐकतील न ऐकतील, मिस्त्रीचं ऐकतात, कारण उद्या गाडी त्याच्याकडेच न्यायची असते.

पहिला प्रश्न आम्ही गाडीबद्दलच विचारला, किती ॲव्हरेज देते, काय काय बसवलं. मग विचारलं, "पाळीवरच काऊन जमता बाप्पा?" त्यातला एक, बारावी झालेला आणि नागपूरला कंपनीत लागून परत आलेला, म्हणाला, "काकाजी, चौकात उभं रायलो तं पोलीस हाकलते, पानठेल्यावर रायलो तं ठेलेवाला हाकलते, घरी बाप हाकलते. पाळीवर कोणी हाकलत नाही." मला त्यावर लगेच उत्तर सुचलं नाही. गावात पोरांसाठी जागा कुठली? वाचनालय सहाला बंद होतं, समाजमंदिराला कुलूप.

बोलताना त्यांना वही दाखवा. आरोप करू नका, नोंद वाचून दाखवा. दूधवाला सहा मिनिटं अडला हे ऐकल्यावर त्यातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. झोप न लागणाऱ्या घरांत कोण राहतं ते नावानिशी सांगा: अमक्याची आजी, तमक्याची ओली बाळंतीण. "गावकऱ्यांना त्रास होतो" म्हटलं की कुणालाच काही वाटत नाही, "तुझ्याच मित्राच्या आजीला" म्हटलं की वाटतं.

मागणी छोटी आणि मोजता येईल अशी ठेवा. आमच्या चार होत्या: तीन गाड्यांना मूळ सायलेन्सर परत लावायचा, दहानंतर गाणी बंद, चारचाक्या रस्त्याच्या एकाच बाजूला, पाळीवर चारचाकी न्यायची नाही. मूळ सायलेन्सर कुणी फेकत नाही, तो घरी पोत्यात गुंडाळून ठेवलेला असतो. मिस्त्रीला बदलायला अर्धा तास पुरतो. तिन्ही गाड्यांची मजुरी समितीतल्या आम्ही काही जणांनी दिली. काही लोक म्हणाले, चूक त्यांची आणि पैसे आपण का द्यायचे? पण दोघांनी त्याच दिवशी बदलून घेतलं. तिसऱ्याने नाही घेतलं. त्याच्याबद्दल पुढे येतं.

बदल्यात जागा द्या

हाकलून पोरं नाहीशी होत नाहीत, दुसऱ्या वस्तीत जातात. आमच्याकडे आठवडी बाजाराचं मैदान शनिवार-रविवारी मोकळं असतं. तुमच्याकडे हंगाम नसतानाचं राईस मिलचं आवार असेल, किंवा वऱ्हाडाकडे जिनिंगचं; मालकाला भेटून लेखी संमती घ्या. जागा घरांपासून लांब हवी. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणून शंभर मीटरऐवजी चारशे मीटर मिळाले तर फरक कानाला कळतो. वेळ संध्याकाळी ५ ते ९. गाड्या उभ्या करून दाखवायच्या, पुसायच्या, फोटो काढायचे. जागेवर रेस द्यायची नाही. एक दिवा आणि कचऱ्याचा एक ड्रम ग्रामपंचायतीने द्यावा. जबाबदारी पोरांपैकीच दोघांची, नावं वहीत.

शर्यतीला मात्र अजिबात हो म्हणू नका, मैदानात का असेना. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी गाड्यांची शर्यत लावणं किंवा तिच्यात भाग घेणं गुन्हा आहे, आणि ग्रामपंचायतीचा ठराव ही ती संमती होत नाही.

ग्रामसभेत ठराव

ठरलेलं तोंडी राहिलं तर सरपंच बदलला की संपतं. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती, म्हणून माणसं जमवून ठेवा, आणि त्या सभेला पोरांनाही बोलवा. ठरावात जागा, वेळ, पाळीवर चारचाकी बंद आणि संबंधित विभागाला फाटक लावण्याची विनंती, एवढंच असावं. वाहनाच्या आवाजाबद्दल दंड करायचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही; तो पोलीस आणि परिवहन विभागाचा. कुणी "५०० रुपये दंड ठेवा" म्हणालं तर तिथेच थांबवा, नाहीतर उद्या ठरावच वादात सापडेल.

पाळीवर फाटक, रस्त्यावर विचार करून गतिरोधक

पाळीच्या तोंडाला लोखंडी पाइपाचं फिरतं फाटक बसवलं की चारचाकी जात नाही, आणि बाजूच्या फटीतून माणूस, सायकल, जनावर जातं. बैलबंडी आणि ट्रॅक्टरसाठी फाटक उघडावं लागतं, म्हणून किल्ल्या तीन ठिकाणी ठेवा: पाणी वापर संस्थेकडे, पोलीस पाटलाकडे आणि पाळीला लागून असलेल्या घरी.

हे मी कळवळून सांगतो, कारण आम्ही आधी फाटकाऐवजी सागाचा ओंडका आडवा टाकला होता. दिवा नाही, फलक नाही. चौथ्या रात्री टोलीवरून बाळंतपणाची गाडी आली आणि तिला ओंडक्यावरून परत फिरून लांबच्या रस्त्याने जावं लागलं, पाऊण तास जास्त. माय-लेकरू सुखरूप आहेत. पण त्या माउलीच्या सासऱ्याने दुसऱ्या दिवशी येऊन मला विचारलं, "पोट्ट्यायसाठी टाकला का आमच्यासाठी?" तो ओंडका आम्ही त्याच दुपारी काढला.

गतिरोधकाची मागणी लोक लगेच करतात. विभागाच्या मंजुरीशिवाय आणि मापाबाहेर तो घालू नका. भारतीय रस्ते परिषदेचं ठरलेलं माप सुमारे १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर असं आहे. गावात सिमेंटचे जे टोकदार उंचवटे दिसतात त्यावरून रात्री माणसं पडतात. शिवाय घरासमोर गतिरोधक आला की प्रत्येक गाडी तिथे मंद होऊन पुन्हा रेस देते. आवाज कमी करायला गेलात तर तो वाढलेला मिळेल.

तरीही ऐकलं नाही तर पोलीस

तो तिसरा मुलगा, आणि तालुक्याहून येणारे चार-पाच जण, यांच्यासाठी आम्हाला ठाण्यात जावं लागलं. त्यात मला वाईट वाटलं नाही. बोलून झालं होतं, जागा दिली होती, आणि वहीत सगळं होतं.

आधी पोलीस पाटलामार्फत बीट अंमलदाराला सांगा, मग ठाणेदारांना लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. अर्ज एक पानाचा ठेवा. "गावात फार धिंगाणा चालतो" असं लिहू नका. तारखा, वेळा, गाड्यांचे क्रमांक, ठिकाण, सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स, ग्रामसभेचा ठराव आणि व्हिडिओ असलेला पेन ड्राइव्ह. मागणीही नेमकी: अमक्या दिवशी रात्री साडेनऊ ते साडेअकरा या वेळेत गस्त आणि सायलेन्सर तपासणी. एक प्रत प्रादेशिक परिवहन कार्यालयाला द्या.

कलमं माहीत असली की बोलणं सोपं जातं. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आवाजाचं मानक मोडणाऱ्या गाडीसाठी आहे: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवान्याला अपात्र. कलम १८२अ(४) गाडीत नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकासाठी: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये. धोकादायक चालवण्यासाठी कलम १८४. प्रत्यक्ष जागेवर घेतला जाणारा तडजोडीचा दंड राज्याच्या अधिसूचनेप्रमाणे वेगळा असतो, म्हणून पावती कमी रकमेची दिसली तर "सोडून दिलं" असा बोभाटा करू नका. खरी कारवाई तो सायलेन्सर काढून घेण्यात आहे.

रात्री प्रत्यक्ष घडत असताना ११२ लावा. गाव, तालुका, पाळीची ओळखीची खूण, किती गाड्या, रस्ता अडला का, हे पाच वाक्यांत सांगा. एकाच रात्री वीस जणांनी फोन करण्यापेक्षा दोघांनी नीट माहिती दिलेली बरी. ठाण्यातून महिनाभर काहीच हललं नाही तर उपविभागीय पोलीस अधिकारी, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्हा लोकशाही दिन.

चालवणारा अठराच्या आतला असेल तर ठाण्याआधी त्याच्या घरी जा. कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे बापाला शांतपणे, दार लावून सांगा. आमच्याकडे अशा दोन घरी गेलो. दोन्हीकडे आईने त्याच संध्याकाळी किल्ली कपाटात ठेवली.

हे कधीही करू नका

रस्त्यावर दोरी किंवा तार आडवी बांधू नका. अंधारात ती गळ्याला लागते आणि माणूस जातो. किल्ली हिसकावणं, काठी उगारणं, टायरची हवा सोडणं, काचेवर दगड, यातलं काहीही केलंत तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि पोरं फिर्यादी होतात. पोरांचे चेहरे दिसणारे व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ते ठाणेदारांसाठी आहेत. आणि जात, मोहल्ला, कुणाच्या बापाची किती एकर, हे विषय निघाले की बैठक तिथेच संपवा. आमची एक बैठक अशीच वाया गेली आणि त्यातली कटुता निवळायला पोळा उजाडला.

वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर

बाहेरगावची पोरं रील पाहून येतात, आणि ठरावीक दिवशीच जास्त येतात: कोजागिरी, ३१ डिसेंबर, तान्हा पोळ्याची संध्याकाळ, जवळ यात्रा असेल तर शिवरात्र, आणि उन्हाळ्यातल्या लग्नांच्या तिथी. हे दिवस ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने गोल करा. प्रत्येकाच्या पंधरा दिवस आधी तीन कामं: गस्तीसाठी ठाण्यात आठवणीचं पत्र, पाळीच्या तोंडाशी "चारचाकी बंद, गाड्या बाजार मैदानात" असा फलक, आणि आपल्या गावच्या पोरांची बैठक. गेल्या ३१ डिसेंबरला मैदानाकडे गाड्या वळवायला चौकात उभे होते ते हेच चौदातले सहा जण, हातात टॉर्च घेऊन. वही आता त्यांच्याकडेच असते.